एक चिंचोका कमी

ताई गेली पौषात, सकाळच्या वेळी, बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं असताना. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती कशानं गेली हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. मला कळलं पुढच्या हिवाळ्यात, दहावीच्या वर्गात, फळ्यावरच्या एका ओळीतून. ते कळून तू काय मिळवलंस, असं कुणी विचारलं तर मी आजही चिडते, कारण मला उत्तर देता येत नाही.

आम्ही भोसरीला कारखान्यांच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या चाळीत राहत होतो. एक खोली, एक दार आणि हातभर खिडकी. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते राजगुरुनगरच्या पलीकडच्या एका गावातून आलेले, आणि एका फाउंड्रीत भट्टीवर कामाला होते. उंच भट्टीच्या वरच्या माचीवर उभं राहून तिच्या तोंडात भंगार लोखंड आणि कोक टाकायचा, हे त्यांचं काम. कोक म्हणजे आधीच भाजून धूर काढून टाकलेला दगडी कोळसा. दिसायला करडा, भोकाभोकांचा, आणि आच अशी की लोखंडाचं पाणी करील. आबा घरी आले की पायरीवर बसून आधी भुवया पुसायचे, मग चपला काढायचे. बोलणं बेताचंच. भट्टीच्या आवाजापुढं बोलून उपयोग नसतो, तो नियम त्यांनी घरालाही लावला होता.

माझ्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती. शास्त्राचे सर मात्र हौशी. ते म्हणायचे, "हे कपाट उघडायची वाट बघत बसलात तर म्हाताऱ्या व्हाल. तुमच्या घरात काय रसायनं कमी आहेत?" मग नववीच्या वर्षी त्यांनी आम्हाला घरातल्याच गोष्टींची समीकरणं मांडायला लावली. चुनकळी पाण्यात टाकली की रटरटते, तिचं. पत्र्याला गंज चढतो, त्याचं. लिंबू पिळल्यावर खायचा सोडा फसफसतो, त्याचं. डावीकडे जेवढं आहे तेवढंच उजवीकडे यायला हवं, कमी नाही की जास्त नाही. "जगात काही हरवत नसतं, नुसतं जागा बदलतं," असं सर दर तासाला म्हणायचे. तेव्हा मला ते वाक्य फार आवडायचं. आता कुणी म्हटलं तर त्याच्या तोंडावर सांगेन, की हरवतं. सपशेल हरवतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ताई आली. सांगवीला दिली होती तिला. दाजी एका वर्कशॉपात टर्नर होते. सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा तिचे पाय सुजले होते आणि तिला दिवसभर भिंतीला टेकून बसण्यावाचून काही काम नव्हतं. तिची शाळा सातवीतच सुटली होती, कारण आई मळ्यात मजुरीला जायची आणि मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. हे तिनं मला कधी ऐकवलं नाही. पण मी अभ्यासाला बसले की ती सरकत सरकत जवळ यायची आणि माझ्या वहीत डोकं घालायची.

मी तिला चिंचोके मांडून दाखवायचे. आईनं चिंच फोडून झाल्यावर चिंचोके डब्यात भरून ठेवलेले असत, चिंचोक्यांचा खेळ आम्ही दोघी लहानपणापासून खेळत आलेलो. अख्खे तांबडे चिंचोके म्हणजे ऑक्सिजन, फोडून पांढरे केलेले म्हणजे हायड्रोजन. दोन पांढरे, एक तांबडा, की झालं पाणी. पण तांबडे कायम जोडीनं येतात, एकटा कधी येत नाही. म्हणून एक तांबडा उरायचा आणि ताई वैतागायची.

"हा येक कुठं घालू आता?"

"तिकडं पाणी दुप्पट कर. पांढरे पण दुप्पट आण."

"येवढा खटाटोप कशाला? ह्याच पाण्याच्या पायाशी लाव की त्याला. झालं सारखं."

"पायाशी असतो त्या आकड्याला हात लावायचा नाही गं ताई. एक जास्त झाला तर ते पाणी राहत नाही. दुसरंच काहीतरी होतं. प्यायलं तर आतून भाजतं."

"येवढ्या येकानं?"

"येवढ्या एकानं."

"बाई बाई," ती म्हणाली, "एका चिंचोक्याला काय हा भाव!" आणि पोट धरून हसायला लागली, इतकी की आईनं चुलीपासून ओरडून तिला गप्प केलं.

पण एकदा तो नियम पटल्यावर ती मला मागं टाकून गेली. गंजाचं समीकरण वर्गात कुणालाच जमलं नव्हतं, मलाही नाही. तिनं लोखंडासाठी खिळे घेतले, समोर चिंचोके घेतले, आणि मी हात धुऊन येईपर्यंत मांडूनही ठेवलं. लोखंड चार, ऑक्सिजनच्या जोड्या तीन, गंज दोन. "चार, तीन, दोन," ती बोटं मोडत म्हणाली, "उतरंड हाय गं ही. खाली मोठं, वर बारकं." दुसऱ्या दिवशी मी ते फळ्यावर मांडलं आणि सरांची शाबासकी घेतली. घरी येऊन तिला सांगितलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिनं मला चिमटा काढला. म्हणाली, पोरगी झाली तर तिला मी हेच शिकवीन, बाहुल्या न्हाईत.

पोरगीच झाली. दवाखान्यातून दोघींना घरी आणलं तेव्हा थंडी कडक पडली होती. पत्र्याच्या खोलीत थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त असते, हे ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक. आणि आईच्या लेखी बाळंतिणीला एकच वैरी असतो, तो म्हणजे वारं. अंगात वारं शिरलं की जन्माचं दुखणं. म्हणून रोज सकाळी तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून, कानाला फडकं बांधून ताईला काथ्याच्या बाजेवर निजवायचं. बाजेखाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकायचा आणि दार लावून घ्यायचं. आमच्याकडं सगळ्यांच्या घरी असंच करतात. आईला तिच्या आईनं असंच शेकलं होतं आणि त्यात तिचं काही वाईट झालं नव्हतं.

पण आईच्या आईकडं गोवऱ्या होत्या. गोवरीचा धूर डोळ्यांना झोंबतो. सुरुवातीला आम्हीही गोवऱ्याच पेटवायचो. धुरानं बाळ खोकायचं, ताईच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आई चरफडत का होईना, दार घडीघडीला उघडायची. गावाकडं पिढ्यान्‌पिढ्या बायका त्या धुरामुळं वाचल्या असतील, असं मला आता वाटतं. धूर त्रास देऊन देऊन दार उघडायला लावायचा.

आबांना लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बघवेना. त्यांनी फोरमनला विचारलं. भट्टीला चालत नाही असा बारीक झालेला कोक फाउंड्रीत एका कोपऱ्यात पडलेला असायचा; तो घेऊन जा, म्हणाला. आबांनी सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून तो घरी आणला. गल्लीत बसून लाकडाच्या ढलप्यांवर तो नीट पेटवला, फुंकून फुंकून लाल केला, आणि मग शेगडी दोन्ही हातांनी उचलून आत आणली. धुराचं नाव नाही. वास नाही. निखाऱ्यांवर बारीक निळ्या ज्वाळा नाचत होत्या. आबांनी आईला हाक मारली.

"बघ कसा निळा जळतोय. असला शेक सायबाच्या बायकोला बी मिळत नसंल."

मी त्यांना एवढं खूश क्वचितच बघितलं होतं. लेकीच्या लग्नात त्यांना मनासारखं काही देता आलं नव्हतं. आता काहीतरी द्यायला सापडलं होतं, आणि ते चाळीत दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या काकू मुद्दाम बघायला आल्या आणि नवल करून गेल्या. आता धूरच नाही म्हटल्यावर दार उघडायचं कारण उरलं नाही. आबांनी खिडकीला गोणपाट ठोकलं. चार खिळे, चारी कोपऱ्यांना, ताणून.

मग ताईचं डोकं दुखायला लागलं. शेक झाल्यावर तिला मळमळायचं, पाय लटपटायचे. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. तरी दुखायचं थांबेना, तेव्हा आईची खात्री झाली की कुठून तरी वारं येतंय. तिनं दाराखालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं आणि शेगडीत कोक वाढवला. ताई जितकी आजारी पडायची तितका आम्ही तिला जास्त शेकायचो. कुणी वैर धरून केलं असतं तर त्याचा गळा धरता आला असता. आम्ही तर माया करत होतो.

त्या दिवशी मी नळावर बाळाचे लंगोट धूत होते. ताईला न्हाऊ घालून, शेकाला निजवून आईनं दार ओढून घेतलं होतं आणि ती उन्हात पाय पसरून बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालत होती. काकू शेजारी धान्य निवडत बसल्या होत्या. बाळाची आंघोळ झाली, त्याला गुंडाळलं, ते थोडं झोपलंसुद्धा. मी विचारलं, ताईला उठवू का? आई म्हणाली, "निजू दे. शेकानं डोळा लागला असंल. रातभर पोरीनं निजू दिली न्हाई तिला."

बाळ भुकेनं रडायला लागलं तेव्हा आईनं दार उघडलं. ताई कुशीवर निजलेली. गाल लालबुंद, ओठ लाल. बाळंतपणानंतर पांढरीफटक पडलेली ती पोरगी, कधी नव्हे इतकी टवटवीत दिसत होती. मागून काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "बघा, कसं तेज आलंय. शेक मानवला." आईनं ताईच्या खांद्याला हात लावला. त्यानंतर आईचा जो आवाज निघाला त्याच्यापुढं मी काही लिहू शकत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गावाकडची माणसं म्हणाली, पौष महिना वाईटच. कुणी म्हणालं, बाहेरचं लागलं. आबा पाळीवरून तसेच आले, अंगावर राख घेऊन, आणि ती राख घेऊनच लेकीच्या उशाशी बसले. बाळाला सांगवीची आजी घेऊन गेली. कोकाचं पोतं अर्धं उरलं होतं. ते कुणाच्या मनात आलं नाही. आई उरलेला हिवाळा अंगणात त्याच्यावरच आंघोळीचं पाणी तापवत होती.

वर्ष गेलं. कसं गेलं ते सांगण्यात अर्थ नाही. घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही, आणि जेवताना आबा भाकरीचा पहिला तुकडा हातात घेऊन तसेच थांबायचे. मी दहावीत गेले. चिंचोक्यांचा डबा मी उघडला नव्हता.

दिवाळीनंतर सरांनी कार्बनचा धडा काढला. कोळसा भरपूर हवेत जळला तर काय होतं ते त्यांनी लिहिलं. ते आपोआप जुळतं, त्यात काही करावं लागत नाही. मग म्हणाले, "आता हवा कमी पडली तर?" आणि फळ्यावर लिहिलं:

C + O₂ → CO

"कोण जुळवतंय?"

जुळवायला नेहमी मीच उठायचे. मी गेले, कोळशाच्या आधी दोन लिहिलं, उजवीकडच्या वायूच्या आधी दोन लिहिलं. सर म्हणाले, "शाबास." मी खडू ठेवायला वळले तेव्हा ते वर्गाला सांगत होते, "हा वायू दिसत नाही, ह्याला वास नाही, धूर नाही. विषारी असतो. रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, चेहरा लाल होतो आणि माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत शेगडी ठेवू नये. हे काही परीक्षेला येत नाही हं. समीकरण येतं, ते पाठ करा."

हे परीक्षेला येत नाही! मी तिथंच उभी राहिले. सर म्हणाले, "बस की, काय झालं?" मला काही झालं नव्हतं. माझी ताई मी स्वतःच्या हातानं फळ्यावर मांडली होती, डावी-उजवी बाजू बरोबर जुळवून, आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती. सरांचा मला इतका राग आला की मी पुढच्या बाकावरचं माझं दप्तर उचलून तशीच घरी निघून आले. त्यांचा काही दोष नव्हता, हे आता समजतं. पण राग गेलेला नाही.

घरी आले आणि आबांकडं बघितलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे कुणालाच सांगता येणार नाही. आई दैवाला शिव्या देऊन मोकळी होत होती. आबा पौषाला दोष देत होते. पौष कुणाचा बाप नसतो, त्याला दोष दिला तर त्याला काही होत नाही. पण कोक आबांनी आणला होता, आपल्या सायकलवरून. मी ठरवलं, गिळून टाकायचं. तसं मी गिळूनही टाकलं असतं.

पण त्याच महिन्यात काकूंची लेक बाळंत होऊन घरी आली. गुरुवार होता, सगळ्या कारखान्यांना सुट्टी. काकू आमच्या दारात येऊन आबांना म्हणाल्या, "दादा, तुमचा तो बिनधुराचा कोळसा आणा की आमच्या पोरीला. गोवरीनं डोळं गेलं बगा." आबा म्हणाले, "आनतो. उद्या पाळीवरून येताना पोतं आनतो." ते म्हणताना त्यांचा चेहरा जरा उजळला. लेकीसाठी केलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, असं त्यांना वाटलं असावं.

त्या दिवशी माझ्यापुढं सरळ हिशेब होता. बोलले तर आबा जातात. गप्प बसले तर भिंतीपलीकडची पोरगी जाते. तिच्याबरोबर मी लंगडी खेळलेली.

मी चोरवाट काढायला बघितली. आबा बाहेर गेल्यावर एकट्या काकूंना गाठलं आणि म्हटलं, शेगडी आत ठेवू नका, ठेवलीत तर दार उघडं ठेवा, त्या कोळशातून विष निघतं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दार उघडं ठिवू? आन् वारं लागलं म्हंजी? तुझ्या भनीचं नशीब तसलं व्हतं बाय, त्याला आमी काय करायचं? चार बुकं शिकली की आईबापापरीस शहाणी झाली!" एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. आबा परत येताच त्यांनी अंगणातच त्यांना सांगितलं, "तुमची पोरगी म्हनती, तुमच्या कोळशात ईख हाय."

आबा आत आले. आई नळावर गेली होती. ते माझ्यासमोर बसले.

"काय म्हनलीस गं काकूला?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"ईख हाय म्हनलीस?"

"आबा," मी म्हटलं, "तुमच्या भट्टीवर माणसाला ग्यास लागतो ना?"

"लागतो की. माचीवर हवा पडली की लागतो. भवंड येती, वकारी येती. खाली आनून उघड्यावर निजवायचा, येतो शुद्धीवर. त्येचं काय?"

"शेगडीतून तोच निघतो."

ते हसले. खरंच हसले. "येडी का काय! भट्टी केवढी, शेगडी केवढी."

"आणि खोली केवढी आहे, आबा?"

त्यांनी खोलीकडं बघितलं. मग खिडकीकडं. गोणपाट आईनं कधीच काढलं होतं, पण खिळे तसेच होते. मग म्हणाले, "दाव मला, काय शिकलीस ती."

मी फळीवरून डबा काढला. अंगणातल्या चुलीजवळ पडून राहिलेले कोकाचे दोन खडे आणले. एका खड्यासमोर दोन चिंचोके ठेवले. म्हटलं, दार-खिडकी उघडी असली की हवा भरपूर असते, एका खड्याला दोन मिळतात, मग काही होत नाही. बंद केलं की हवा पुरत नाही. मग दोन खड्यांनी मिळून एकच जोडी वाटून घ्यायची. मी एकेका खड्यापुढं एकेक चिंचोका सरकवला. म्हटलं, हा असा अर्धपोटी वायू निघतो, तोच आपल्या रक्तात शिरतो.

आबांनी खड्याजवळच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. त्यांचं बोट जाड होतं, पुढून भाजून निबर झालेलं.

"हितं येकच कमी?"

"हो."

"येवढ्या येकानं?"

मला ताईचा आवाज ऐकू आला. तेच शब्द होते, तीच जमीन, तेच चिंचोके. "येवढ्या एकानं," मी म्हटलं, आणि रडायला लागले. ते रडले नाहीत.

"निळी ज्याळ," ते म्हणाले. "भट्टीच्या तोंडावर रोज बघतो मी. ग्यास जळतो तवा निळा जळतो, आमच्यात नवीन पोरगं आलं तर त्याला पयलं ह्येच सांगतो आमी, निळं दिसलं की मागं सर. आन् मी तुझ्या आईला हाक मारून दावली ती."

खिडकीकडं बोट करून म्हणाले, "गोनपाट बी मीच ठोकलं."

आणि मग अगदी हळू, "तिला तरास झाला असंल का गं?"

"नाही आबा. झोप लागते नुसती."

हे पुस्तकात होतं म्हणून मी सांगितलं. त्या सगळ्या धड्यात आबांना देण्यासारखं तेवढंच होतं.

ते उठले आणि काकूंच्या दारात गेले. काकूंच्या घरात गोवऱ्यांची शेगडी होती, तरी आबांनी ती बाजेखालून ओढून अंगणात आणून ठेवली आणि खिडकीत कोंबलेलं पोतं उपसून फेकून दिलं. काकूंनी आकांत मांडला. चाळ गोळा झाली. परक्याच्या बाळंतिणीच्या खोलीत पुरुष शिरला, म्हणजे काय! आबा कुणाला काही समजावत बसले नाहीत. "कोळसा आनायचा न्हाई म्हंजी न्हाई," एवढंच म्हणाले आणि परत आले. कोक आणला नाही. काकूंची लेक धडधाकट सासरी गेली. पण पुढं तिची कंबर धरायची, तर त्याचं खापर काकूंनी आमच्यावरच फोडलं; तुमच्यामुळं पोरीला वारं लागलं, असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. आपली पोरगी जिवंत आहे ती कशामुळं, हे त्यांना कधी कळलं नाही. जे घडलंच नाही ते दिसत नसतं.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जायच्या आधी आबांनी आमच्या खोलीचं दार बिजागरीतून काढलं. पकडीनं खिळे उपटले, फळ्या सुट्या करून चाळीमागं टाकून दिल्या. आई विचारत होती, काय झालं, काय करताय. "फुगलंया," ते म्हणाले, "लागत न्हाई." आईनं ते खरं मानलं नाही, पण खरं काय ते तिला कुणी सांगितलंही नाही. दाराला तिनं एक साडी टांगली. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. भर थंडीत उघड्या घरात कुणी राहतं का? चोराचिलटांची भीती नव्हती, न्यायला काही नव्हतंच. थंडीत आम्ही तिघं चुलीभोवती कुडकुडत बसायचो आणि आबा सगळ्यांत कडेला, उंबऱ्याला. भट्टीचं काम त्यांनी सोडलं नाही. सोडून जाणार कुठं? रोज माचीवर उभं राहून ते त्या निळ्या ज्वाळेकडं बघत असतील, असं माझ्या मनात यायचं आणि मी जेवता जेवता उठायचे.

मी दहावी झाले, बेताच्या मार्कांनी. शास्त्र पुढं घेतलं नाही. एका कंपनीत पॅकिंगला लागले. मी सांगितलं ते चुकलं, असं मी म्हणत नाही. परत तशी वेळ आली तर परत सांगेन. पण खरं कळल्यानं माणूस सुटतो म्हणतात, ते खोटं आहे. आबा त्या दिवशी जे अडकले ते सुटलेच नाहीत, आणि त्यांना अडकवायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

चारेक वर्षांनी, ऐंशी साल उलटून गेल्यावर, एकदा हिवाळ्यात दाजींनी ताईच्या लेकीला चार दिवसांसाठी आमच्याकडं आणून सोडलं. तोपर्यंत ती चुरूचुरू बोलायला लागली होती, हसताना अगदी ताईसारखी पोट धरायची. सकाळची वेळ होती, बाहेर धुकं होतं आणि साडीच्या पडद्याखालून गार वारं आत येत होतं. ती आबांच्या मांडीवर बसली होती. तिनं अंग चोरलं आणि म्हणाली, "आजोबा, थंडी वाजती. दार लावा ना."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी चुलीत लाकूड सरकवलं. आबांनी अंगावरचं घोंगडं काढून तिच्याभोवती गुंडाळलं, तिला उचलून आईच्या मांडीवर ठेवलं, आणि स्वतः नुसत्या बंडीवर उंबऱ्यात, वारं येत होतं त्या बाजूला पाठ करून बसले.